चुन्याचं बोट

मी मयताला जाते ती पुस्तकं बघायला. हे मी कधी कुणापासून लपवलेलं नाही. आमच्या कृषी विद्यापीठातला एखादा निवृत्त प्राध्यापक गेला, की बाकीचे लोक पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन जातात. मी पेटीपाशी घटकाभर उभी राहते, क्रूसाची खूण करते आणि पाणी मागायच्या निमित्तानं आतल्या खोलीत शिरते. बाहेरची रडारड ओसरेपर्यंत माझी कपाटं बघून झालेली असतात. कुठले खंड आहेत, मधले कुठले गहाळ आहेत, वाळवी कुठवर आली आहे. लोक मला गिधाड म्हणतात. म्हणोत बापडे. मी जरा उशीर केला की रद्दीवाला पोचतो, आणि माणसानं जन्मभर जमवलेल्या कीटकशास्त्रात बाजारात सुके मासे बांधून मिळतात.

माझं नाव एलियाम्मा. वेंबनाड खाडीच्या काठावरच्या या विद्यापीठात पिकं आणि किडी या विषयांचं ग्रंथालय मी उभं केलं. मी आले तेव्हा एका गळक्या खोलीत दोन कपाटं होती, आणि त्यातल्या एकात शिपायाचा जेवणाचा डबा असायचा. मी बंद पडलेल्या चहामळ्यांच्या कचेऱ्या उपसल्या, रबरवाल्यांच्या माळ्यांवर चढले, इंग्रजांच्या वेळची पत्रकं कोंबड्यांच्या खुराड्यातनं ओढून काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारणाऱ्यांना मी कपाटांकडे बोट दाखवते. ते पुन्हा विचारत नाहीत.

त्या वर्षी दिल्लीहून कळलं, की माडाच्या किडींचं देशातलं मुख्य ग्रंथालय कुठं करायचं ते आता ठरणार. एक तर आमच्याकडं, नाही तर शेजारच्या राज्यात. समिती येऊन दोन्ही संग्रह बघणार. ज्याचा संग्रह उजवा त्याला नवी इमारत, आणि दुसऱ्याची पुस्तकं विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाच्या तळघरात. आमचं तळघर मी पाहिलं आहे. पावसाळ्यात तिथं बेडूक पोहतात. म्हणजे माझं सगळं आयुष्य नव्या इमारतीत जाणार की बेडकांत, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कुरुविळा सारांच्या घरात कपाटबंद होतं.

आमच्याकडं सरांना सार म्हणतात; निवृत्त प्राध्यापक कुरुविळा सार म्हणजे सोंड्या भुंग्यावरचा शेवटचा शब्द. सोंड्या माडाच्या आत राहतो. झाड बाहेरून हिरवंगार, घोस लटकलेले, आणि आत अळ्या गाभा खात असतात. बाहेर दिसायला लागतं तेव्हा सगळं संपलेलं असतं, एक दिवस शेंडाच खाली येतो. सार खोडाला कान लावून उभे राहायचे. आतली करकर ऐकू आली की नुसतं 'हं' म्हणायचे. मग विद्यापीठाचे मजूर त्या खोडावर छातीच्या उंचीला चुन्याचा पट्टा ओढायचे, आणि बाकीची बाग वाचावी म्हणून ते झाड पाडून, फाडून, खड्ड्यात जाळून टाकायचे. आमच्या आवारात चुना म्हणजे करवत, हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाची बदली व्हायची असली तरी लोक म्हणतात, पट्टा ओढला बघ त्याच्यावर.

माडाच्या किडींवर जगात जे काही छापलं गेलं, त्यातलं बहुतेक सगळं सारांच्या दोन खोल्यांत होतं. बायको वारलेली, मुलगा मस्कतला. मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे खेपा घातल्या. सोबत माझी सहायक प्रसन्ना असायची. सार व्हरांड्यात पान चघळत बसलेले असायचे. पानाच्या नादानं त्यांचा अंगठा कायम चुन्यानं पांढरा.

"आलीस?" ते म्हणायचे. "अजून गरम आहे मी. हात लावून बघ हवं तर."

"सावकाश होऊ द्या, सार. पुस्तकं तेवढी पुढं पाठवा."

"चर्चमध्ये माझ्या नावानं मेणबत्ती लावतेस म्हणे. लवकर संपणारी लावत जा."

पाणीसुद्धा विचारायचे नाहीत मला. प्रसन्नाला मात्र गुळाची कॉफी. माझ्यासमोर तिला सांगायचे, "ही बाई मेल्यावर हिच्या घरी जाऊन बघ काय काय सापडतंय. चोराच्या घरी चांगला माल असतो." प्रसन्ना खाली बघून हसायची. मलाही राग यायचा नाही. असं बोलणारा माणूस अजून देईल, अशी आशा असते. गोड बोलणारे नुसतेच बोलतात.

शेवटच्या खेपेला मी त्यांच्या आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. माझ्या डोक्यावरच्या फळीवरचा खंड काढायला म्हणून सार माझ्या मागं आले. त्यांनी खंड काढला नाही. ते वाकले. त्यांचे केस माझ्या मानेला लागले, श्वास ब्लाऊजमधून पाठीला कळला. मी म्हटलं, "काय सार, पडाल." ते बराच वेळ तसेच राहिले असावेत, कारण समोरची प्रसन्ना हातातला कप खाली ठेवून बघायला लागली.

मग ते समोर आले, आणि त्यांच्या तोंडावरची ती नेहमीची खोडी पार पुसली गेली होती.

"एलियाम्मा," ते म्हणाले, "जेवून जा."

मी चकितच झाले. त्यांनी स्वतः पान वाढलं. कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मासळीचं लाल कालवण. करिमीन माशाचे काटे त्यांनी आपल्या हातानं काढले आणि मऊ मऊ तुकडे माझ्या पानात ठेवले, आजारी पोराला भरवतात तसे. "पुस्तकं तुझीच," ते म्हणाले. "मुलाला सांगून ठेवतो. फक्त एकेक तपासून ठेवतो. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय द्यायची नाहीत."

प्रसन्ना मला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायची. परतताना बोटीत ती म्हणाली, "चेच्ची, सार आज कसेसेच वागले नाही?"

"हरले ते," मी म्हटलं. "म्हातारा माणूस किती दिवस भांडेल?" त्या दिवशी मला खाडीचं पाणीसुद्धा आपलंसं वाटलं होतं.

त्याच महिन्यात सार गेले. मयताला मी कपाटांकडे बघितलं नाही, गरजच नव्हती. मुलगा सिबी मस्कतहून आला होता, त्यानं दफन झाल्याबरोबर खोल्या उघडून दिल्या. टेम्पो भरभरून पुस्तकं आली. आमच्याकडची रीत अशी, की बाहेरून आलेलं पुस्तक आधी धुरीच्या कपाटात जातं, आणि किडामुंगी मेल्याची खात्री झाल्यावरच फळीवर चढतं. मी आणि प्रसन्ना खोकी उघडायला बसलो, तेव्हा दिसलं, की बऱ्याच पुस्तकांच्या पाठीवर चुन्याचा ठसा आहे. अंगठ्याएवढा, नीट, छातीच्या उंचीला म्हणावं तसा मधोमध. बाकीच्यांवर काही नाही.

"तपासून ठेवतो म्हणाले होते," मी म्हटलं. "ही किडलेली आहेत."

प्रसन्नानं एक उघडलं. पानं कोरी करकरीत. दुसरं उघडलं. शिवण घट्ट, कागदाला भोक नाही, भुशाचा कण नाही. "चेच्ची, ही तर छान आहेत. आणि धुरी दिल्यावर काय राहणार आहे?"

"सोंड्या लागलेलं झाड छानच दिसतं," मी म्हटलं. "आणि खोडातल्या अळीला धुरीनं काय होतं गं? तुला जास्त कळतं की सारांच्या कानाला?"

तिनं पुस्तक मिटलं. माडांच्या मुलखात वाढलेली माणसं आम्ही. जे बाहेरून धडधाकट दिसतं त्याच्यावर आम्ही कधीच विसंबत नाही. समिती यायची होती, आणि किडलेलं एक पुस्तक सगळा संग्रह खाऊन टाकतं हे मी माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलेलं होतं. चुन्याची सगळी पुस्तकं पोत्यांत भरून मी शेतावरच्या खड्ड्यापाशी नेली. त्यात असे खंड होते, की ज्यांच्यासाठी एरवी मी माणूस मारला असता. तरी हात थांबला नाही.

अळ्या असलेलं खोड पेटलं की तडतड होते, आमच्या सगळ्यांच्या कानात तो आवाज बसलेला आहे. पुस्तकं मुकाट जळली. शिपाई औसेप काठीनं ढोसत होता, तो म्हणाला, "आज जाळ किती शांत लागलाय." प्रसन्ना माझ्याकडं बघत होती. तिच्या काखेत पिशवी होती, आणि पिशवीत एक जाड पुस्तक होतं, ते मला दिसलं. मी ते लक्षात ठेवलं. तिच्याविरुद्ध काही हाताशी असलेलं बरं.

पुढच्या आठवड्यात सकाळी दार उघडून आत गेले, तर आमच्या जुन्या पुस्तकांवर ठसे होते.

कुरुविळा सारांच्या नव्हे, माझ्या. मी खुराड्यातनं काढलेली पत्रकं, चहामळ्याचे खंड. आदल्या संध्याकाळी काही नव्हतं, कुलूप मी लावलं होतं, किल्ली माझ्या गळ्यात होती. ठसा ओला होता. मी बोटानं पुसला, तर बोट चुन्यानं पोळलं. मी शास्त्र विषयाची ग्रंथपाल आहे, भुताखेतांना मी फळी देत नाही. दुसरी किल्ली प्रसन्नाकडे होती, आणि तिची अंथरुणाला खिळलेली आई दिवसभर पान खाते.

"खोडी करतेस?" मी विचारलं. "मी जाळली म्हणून?"

"आईशपथ नाही, चेच्ची."

"ऑफिसात मॅडम म्हणायचं."

तिची किल्ली मी काढून घेतली. ठसे येतच राहिले. आज या रांगेत, उद्या त्या. ठसा आलेली पुस्तकं मी पोत्यात भरून जाळायला लावत होते. दुसरं काय करणार? ठसा कुणी का उमटवेना, एकदा उमटल्यावर ते पुस्तक फळीवर ठेवायची माझी छाती होईना. संग्रह विरळ व्हायला लागला. उरलेली पुस्तकं मी सरकवून सरकवून रांगा भरलेल्या दाखवत होते. त्यातच एक आंबूस वास सुरू झाला, कालची ताडी उन्हात ठेवल्यावर येतो तसा. औसेप म्हणायचा, मांजर मेलं असेल छपरात. छप्पर काढून बघितलं, मांजर नव्हतं.

आणि दुपारी, वाचक जेवायला गेले आणि पंखे बंद झाले, की रांगांमधून करकर ऐकू यायची. बारीक, न थांबणारी. मी पुस्तक उपसलं की थांबायची. चाळून बघावं तर पानं स्वच्छ. परत ठेवलं की पुन्हा सुरू.

मग एक दिवस प्रसन्ना माझ्यापुढून चालत गेली, आणि तिच्या फिक्या निळ्या ब्लाऊजच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, अंगठ्याएवढा पांढरा ठसा होता.

"भिंतीला टेकलीस का?"

"नाही, मॅडम. का?"

मी औसेपला वळायला सांगितलं. त्याच्या खाकी सदऱ्यावरही होता. तो हसला, म्हणाला, "चुना कुठनं आला, बायकोनं पाठवला की काय." मी मोरीत जाऊन आरशाला पाठ केली, मान मोडेस्तोवर वळून बघितलं. माझं पांढरं ब्लाऊज स्वच्छ होतं. तरी खात्री व्हावी म्हणून काढून खिडकीच्या उजेडात धरलं. कुठंही डाग नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी मोरीतल्या बादलीवर खाली बसले.

औसेपला मी शेतावरच्या कचेरीत पाठवून दिलं. प्रसन्नाचं तेवढ्यावर भागण्यासारखं नव्हतं. पट्टा ओढलेलं झाड बागेत ठेवत नाहीत. रजिस्ट्रारांना मी सांगितलं, की ही बाई संग्रहाला रंग फासते आणि काखेत पुस्तकं घालून घरी नेते. दुसरी गोष्ट खरीच होती. वायनाडच्या डोंगरातल्या उपकेंद्रात तिची बदली झाली.

ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा रडत नव्हती. त्याचा मला जास्त राग आला.

"मॅडम, आईला कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागतं. तिथं न्यायची कशी? वर थंडी."

"तुझ्या आईला मी ग्रंथालयाची सभासद करून घेतलेली नाही," मी म्हटलं.

"माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"सांगून काय उपयोग? पुस्तक चोरलंस तेवढं परत कर."

"ते नाही देणार," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती मला नाही म्हणाली. "ते तुम्ही जाळाल." ती दाराकडे वळली, तेव्हा पाठीवरचा ठसा अजून तसाच होता. ब्लाऊज दुसरं होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी कुरुविळा सारांच्या एक्केचाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं. मी खास तयार होऊन गेले. पाद्रींनी प्रार्थनेनंतर माझा उल्लेख केला, सारांचं ज्ञान योग्य हाती गेलं म्हणाले. लोकांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. मटणाचं इश्टू छान झालं होतं. जेवणानंतर सिबी म्हणाला, "चेच्ची, अप्पच्चनची बाग बघितलीत का कधी?" अप्पच्चन म्हणजे वडील. त्यांची बाग मी कधीच बघितली नव्हती. इतक्या वर्षांत मी त्या घराच्या कपाटांपलीकडं गेलेच नव्हते.

मागल्या दारानं आम्ही बागेत उतरलो. ऊन लख्ख होतं. अर्धे माड बिनशेंड्याचे होते. नुसते राखी खांब, वर काही नाही. उरलेले घोसांनी लगडलेले उभे होते, आणि त्या प्रत्येकावर, छातीच्या उंचीला, चुन्याचं एकेक बोट होतं.

मी थांबले. "सिबी, चुना असलेली झाडं उभी कशी अजून?"

"उभीच राहणार," तो म्हणाला. "चांगली झाडं आहेत ती."

"विद्यापीठात तर..."

"ती सरकारी रीत. तिथं ते 'हं' म्हणायचे, आणि पट्टा मजूर ओढायचे. अप्पच्चनला ती कधी पटली नाही. घरी ते झाड ऐकायचे, आणि ठीक असलं तरच चुन्याचं बोट. पानाचा अंगठा तोच टेकवायचा. झालं."

"आणि लागलेलं झाड?"

"त्याला खूण नाही. म्हणायचे, ज्याचं आता काही होण्यासारखं नाही त्याला कशाला कळू द्यायचं?" तो हसला. "उलट त्याचीच सरबराई. आई भांडायची, भुंगा पसरेल म्हणून. हे आपले त्याच्या बुंध्याशी राख घालणार, पाणी घालणार, उभं राहून त्याच्याशी गोड बोलणार. आम्ही लहानपणी पैज लावायचो. अप्पच्चन ज्याच्याशी गोड बोलले, ते या पावसात पडणार. कधी चुकलं नाही."

मी एका बिनखुणेच्या खोडाला हात टेकला. सालीखाली ओलसर, पोकळ लागलं. हाताला आंबूस वास आला. तोच.

मला त्या दुपारच्या कालवणाची चव तोंडात आली.

"चेच्ची, बसता का जरा? घाम आलाय तुम्हाला."

मी बसले नाही. खाडीतली पहिली बोट गाठून थेट ग्रंथालयात आले. दुपार होती, वाचक नव्हते. आत शिरले तेव्हा करकर चालू होती. या वेळी ती थांबली नाही.

कुरुविळा संग्रहाच्या पहिल्या रांगेतला पहिला खंड मी ओढला.

पाठ हातात आली. पुठ्ठा आला. मधे पानं नव्हती. तांबूस, ओला, धाग्याधाग्याचा भुसा होता, माडाच्या फाडलेल्या गाभ्यात असतो तसा. तो माझ्या साडीवर सांडला.

दुसरा ओढला. तोच प्रकार.

मी रांग उपसली. मग पुढची. मग माझी स्वतःची, तीस वर्षांची. पाठी सगळ्या ताठ उभ्या, सोनेरी अक्षरं जागच्या जागी, आणि आत काही नाही.

मी भुसा हातांनी चाळला. एकही किडा नव्हता. जिवंत नव्हता, मेलेला नव्हता, कोश नव्हता.

ज्यांच्यावर खूण होती, जी वाचणार होती, ती मी एकेक करून जाळली होती.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला आणि एक खंड उघडायला घेतला, तो मी त्यांना उघडू दिला. दुसरं मी काय करणार होते? ते शेजारच्या राज्यातल्या संग्रहाबद्दल बोलत बोलत पायऱ्या उतरले. रजिस्ट्रार माझ्याकडं बघायचं टाळत होते.

ग्रंथालयाचा आमचा विभाग बंद होणार हे ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात प्रसन्नानं वायनाडहून ते पुस्तक पाठवलं. सोंड्या भुंग्याचं पहिलं वर्णन असलेला खंड, जगात ज्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या असतील. पाठीवर चुन्याचा ठसा, पानं कोरी करकरीत. तेवढ्या एका पुस्तकावर विभाग वाचला. प्रमुख म्हणून तिलाच परत बोलावलं. माझं टेबल खिडकीपाशी सरकवलं, मी निवृत्त होईपर्यंत तिथं बसायचं. तिची आई मधल्या काळात वर डोंगरात थंडीनं गेली होती. मी मयताला गेले नव्हते. त्या घरी पुस्तकं नव्हती.

ती परत आली तेव्हा मी तयारीत होते. ती घालून पाडून बोलेल, चारचौघांत माझा उद्धार करेल, मला औसेपसारखं शेतावर पाठवेल. मी तिच्या जागी असते तर तसंच केलं असतं. पहिले काही दिवस तिनं केलंही. शिपायासमोर म्हणाली, "मॅडमना माचिस देऊ नका." मला बरं वाटलं. अशा बोलण्याला उत्तर देता येतं.

मागच्या सोमवारी माझ्या डोक्यावरच्या फळीवरची फाईल काढायला ती माझ्या मागं आली. फाईल निघाली नाही. तिचे केस माझ्या मानेला लागले. मी हातातलं काम थांबवून बसून राहिले. पंखा बंद होता.

डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे. सगळे रिपोर्ट चांगले. लोक म्हणतात, एलियाम्मा, वय दिसत नाही हो तुमचं. मी साबण बदलला आहे, तरी वास जात नाही. रोज सकाळी ब्लाऊज काढून उजेडात धरते.

प्रसन्ना आता माझ्याशी फार गोड बोलते. पुन्हा चेच्ची म्हणायला लागली आहे. काल जेवायच्या सुट्टीत तिनं स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि करिमीनचे काटे एकेक करून काढून दिले.